दिवस राहण्याची वाट पाहताना: नागपुरातल्या बाकावरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानेवाड्याला राहते, बँकेत नोकरी करते. डॉक्टर नाही. पाच वर्षांपासून मूल व्हावं म्हणून उपचार घेतेय. धंतोलीत ज्या मॅडमकडे आम्ही जातो, त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून बसून बऱ्याच जणींशी ओळख झाली. मग "ताई, एक विचारू का?" असे फोन यायला लागले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. वैद्यकीय भाग मॅडमना वाचून दाखवलाय. त्यांनी दोन ठिकाणी कान धरला, ते दुरुस्त केलं. औषधांची नावं आणि डोस इथे मिळणार नाहीत, ते आपापल्या डॉक्टरांना विचारा.

लग्नाला दीड वर्ष झालं. डॉक्टरकडे जायची वेळ झाली का, की उगाच घाई होतेय?

बाईचं वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर आणि ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून बघायचे, मग जायचं, असा साधारण नियम आहे. प्रयत्न म्हणजे काही न वापरता, नियमित संबंध. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी झाली असेल किंवा नवऱ्याचं अंडकोषाचं काही ऑपरेशन झालं असेल, तर वर्षाची वाट पाहू नका, लगेच जा.

इथे एक गंमत सांगते. नातेवाईक लग्नाची वर्षं मोजतात, डॉक्टर एकत्र राहिल्याचे महिने मोजतात. माझ्या ओळखीत एकीचा नवरा पुण्याला आयटीत आहे, महिन्यातून एकदा ट्रॅव्हल्सनं नागपूरला येतो. लग्नाला तीन वर्षं झाली म्हणून ती रडत होती. मॅडमनी कॅलेंडर पुढे ठेवलं आणि त्याच्या येण्याच्या तारखांवर खुणा करायला लावल्या. बाहेर पडलेलं स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास जगतं, शुक्राणू पाचेक दिवस टिकतात. म्हणजे महिन्यातले कामाचे दिवस सहाच. वर्षभरात त्यांच्या वाट्याला त्यातला एखाद-दुसराच आला होता. तिला औषध नाही, नवऱ्याला सुट्टी लिहून दिली!

आणि सगळं व्यवस्थित असलेल्या जोडप्यातसुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते. वर्षभरात शंभरातल्या ८० ते ८५ जोडप्यांना दिवस राहतात. तिसऱ्या महिन्यात पाळी आली म्हणून काही बिघडलं असं समजू नका.

पहिल्या भेटीला दोघांनी जायला हवं का?

हो. जुने सगळे रिपोर्ट, मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि नवरा, या तीन गोष्टी सोबत न्यायच्या. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करायची का हेही त्याच भेटीत विचारा. ती दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

सगळे म्हणतात, "पॉझिटिव्ह राहा, टेन्शन घेऊ नको, मग राहील." मला ते जमतच नाही. त्यामुळे तर राहत नाही ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी मला राग येतो, विचारणारीचा नाही, तिच्या डोक्यात हे घालणाऱ्यांचा.

२०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. साडेतीन हजारांवर बायकांची माहिती त्यात होती. उपचार सुरू व्हायच्या आधी ज्या खूप ताणात होत्या आणि ज्या नव्हत्या, त्यांच्या यशापयशात फरक आढळला नाही. मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले. त्याआधी दोन वर्षं मी प्रत्येक पाळीला स्वतःला दोष देत होते, की परवा रात्री आपण वाईट विचार केला म्हणूनच हे झालं.

ताण कमी करायचा तो झोप लागावी, नवऱ्याशी भांडण होऊ नये, ऑफिसात लक्ष लागावं म्हणून. गर्भ राहावा म्हणून हसत राहायची सक्ती नाही. ज्या महिन्यात आशा वाटत नाही, त्या महिन्यातही इंजेक्शन तेवढंच काम करतं. आशा हे औषध नाही, त्यामुळे तिचा डोस चुकला म्हणून काही बिघडत नाही. एवढं समजल्यावर मला उलट जरा आशा वाटायला लागली.

मग आशा टिकते कशावर?

माझी तरी पुढच्या तारखेवर टिकते. "होईल गं सगळं चांगलं" यावर माझी आशा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. "बाराव्या दिवशी सोनोग्राफी, बीजाची पिशवी १८ मिलिमीटरच्या वर गेली की इंजेक्शन, नाही गेली तर पुढच्या महिन्यात औषध बदलू" यावर महिनाभर टिकते. म्हणून डॉक्टर कोण आहे याला एवढं महत्त्व.

साथ देणारा डॉक्टर ओळखायचा कसा?

आधी मी जिथे जात होते, तिथे पहिल्याच दिवशी "शंभर टक्के गॅरंटी" म्हणाले आणि पॅकेजचा कागद पुढे सरकवला. तपासण्या नंतर. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "काहून एवढी खात्री आहे यांना? आपल्याले तर अजून विचारलंही नाही काही." तो सहसा बोलत नाही, पण तेव्हा बरोबर बोलला.

आताच्या मॅडमनी पहिल्या भेटीत माझ्याच फाइलच्या पाठीवर गर्भाशय आणि नळ्यांचं चित्र काढलं. कुठे काय अडू शकतं ते दाखवलं. म्हणाल्या, "तीन महिने हे करू. नाही झालं तर हे. त्याच्या पुढे जायचं का, हे तेव्हा मी तुम्हाला विचारीन, तुम्हीही मला विचारायचं." थांबण्याबद्दल पहिल्याच दिवशी बोलणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास बसला, याचं मलाच नवल वाटतं.

बाकी माझ्या कसोट्या अशा. प्रत्येक तपासणी कशासाठी ते सांगतात का? नवऱ्याकडे बघून बोलतात का, की तो फक्त बिल भरायला? रिपोर्ट तुमच्या हातात देतात का? दुसऱ्या डॉक्टरचं मत घेते म्हटल्यावर तोंड वाकडं होतं का? आणि कधीतरी "याचं कारण मला सांगता येत नाही" असं म्हणतात का? सगळ्या तपासण्या नीट येऊनही दिवस न राहणारी जोडपी बरीच असतात. तिथे ओढूनताणून कारण सांगणाऱ्यापेक्षा "कारण सापडलं नाही, पण उपाय आहेत" म्हणणारा मला जवळचा वाटतो.

गोड बोलण्याला मात्र भुलू नका. आमच्या मॅडम तापट आहेत. मी एकदा इंजेक्शनची वेळ चुकवली, तेव्हा बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

नवरा तपासणीला तयार नाही. "माझ्यात काय दोष असणार?" म्हणतो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण असतं. त्याची तपासणी सगळ्यात सोपी, स्वस्त आणि न दुखणारी. तरी बाईची एचएसजी, म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत का बघायचा एक्स-रे, आधी होते आणि त्याची तपासणी वर्षानं. मला विचाराल तर हा उलटा कारभार आहे.

त्याला भांडून नाही, अशी माहिती देऊन न्या. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा. त्याहून कमी आले म्हणजे मूल होणारच नाही असं नाही. रिपोर्टमध्ये "९५ टक्के आकार असामान्य" वाचून आमच्याकडे दोन दिवस चूल पेटली नव्हती. नंतर कळलं, चार टक्के चांगल्या आकाराचे असले तरी ते नॉर्मलच धरतात. रिपोर्ट एकट्यानं गुगलवर वाचू नये तो यासाठी. शिवाय एका रिपोर्टवर निकाल लागत नाही, काही आठवड्यांनी परत करतात.

आणि खर्रा. नागपुरात हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तंबाखू खाल्ली काय, ओढली काय, शुक्राणूंना बाधतेच. माझा नवरा दिवसाला पाच पुड्या खायचा. मॅडमनी भाषण दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. आज सोडलं तर पोळ्यापर्यंत नवा माल." तो हसला, आणि सोडला. दोनदा परत सुरू केला, तिसऱ्यांदा सुटला. त्याचं काम बुटीबोरीला भट्टीजवळ आहे. उष्णतेचाही शुक्राणूंवर परिणाम होतो, म्हणून त्यानं विभाग बदलून मागितला. नवतप्यात काय करणार म्हणा, अख्खं नागपूरच भट्टी असतं. निदान लॅपटॉप मांडीवर घेऊ नका आणि घट्ट कपडे टाळा.

एएमएच कमी आलं. संपलं का सगळं?

एएमएचवरून अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो. ती बीजं कशी आहेत, ते त्यातून कळत नाही. पाळी नियमित असेल तर कमी एएमएच असलेल्या बाईलाही आपोआप दिवस राहू शकतात. आयव्हीएफमध्ये, म्हणजे बीज बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करतात त्यात, औषधाला किती बीजं साथ देतील हे ठरवायला तो आकडा जास्त उपयोगी. त्याचा अर्थ "वेळ घालवू नका" असा घ्या.

आमच्याकडे सिकलसेलची तपासणीही सांगितली. त्याचा इथे काय संबंध?

दिवस राहण्याशी नाही, बाळाशी आहे. सिकलसेल हा आई-बापांकडून येणारा रक्ताचा आजार, विदर्भात त्याचं प्रमाण मोठं आहे. एकटा नवरा किंवा एकटी बायको वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात असा काही दोष नसेल, तर बाळाला हा आजार होत नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आधी कळलं तर गर्भ लहान असतानाच तपासणी करून घेता येते. एका रक्ताच्या थेंबाचं काम आहे, "आमच्यात नसते ते" म्हणून टाळू नका. हा आजार कोण्या एका जातीचा नाही.

डॉक्टरांनी गर्भाशयाच्या टीबीची शंका घेतली. मला तर साधा खोकलाही नाही.

खोकला नसतोच. ही टीबी नळ्यांना आणि गर्भाशयाच्या अस्तराला धरते, बऱ्याचदा काहीच लक्षण नसतं, फक्त दिवस राहत नाहीत. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागचं हे मोठं कारण आहे. अस्तराचा तुकडा काढून तपासतात, औषध साधारण सहा महिने चालतं आणि सरकारी केंद्रात फुकट मिळतं. ते अर्ध्यात सोडायचं नाही. निदानच पक्कं नसेल तर मात्र "कशावरून?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आययूआय, आयव्हीएफ यांचं यश खरंच किती?

आययूआयमध्ये, म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडतात त्यात, दर वेळी दिवस राहण्याची शक्यता १० ते १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तीन-चारदा करून बघतात. पहिल्याच वेळी झालं नाही की खचायचं कारण नाही आणि दहाव्यांदा करत बसायचंही कारण नाही. आयव्हीएफमध्ये पस्तिशीच्या आत एका रोपणाला (तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात ते रोपण) साधारण तिघींतल्या एकीच्या हातात बाळ येतं. चाळिशी ओलांडली की स्वतःच्या बीजांवर हे प्रमाण झपाट्यानं उतरतं.

कुठे "८० टक्के यश" अशी पाटी दिसली तर दोनच प्रश्न विचारा: कोणत्या वयाच्या बायकांत? आणि टेस्ट पॉझिटिव्ह येणं धरलंय की बाळ घरी नेणं? अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानं दवाखान्याला यशाची शक्यता आणि परिणाम नीट समजावून सांगावे लागतात, समुपदेशन द्यावं लागतं, तक्रारीसाठी कक्ष ठेवावा लागतो. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर शोधा, नाही दिसलं तर मागा.

रोपणानंतरचे ते चौदा दिवस कसे काढायचे?

मला अजून जमलेलं नाही, त्यामुळे उपदेश नाही. फक्त दोन गोष्टी. छाती जड होणं, पोटात ओढल्यासारखं होणं, मळमळ ही रोपणानंतर देतात त्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनच्या गोळ्यांनीही होते. लक्षणं मोजू नका. आणि घरी आधीच टेस्ट करू नका. बीज सुटायचं जे इंजेक्शन दिलेलं असतं, ते अंगात आठ-दहा दिवस राहू शकतं आणि काडीवर खोटी दुसरी रेघ उमटते. माझ्यावर ते बेतलंय. आईला फोनही करून झाला होता.

पूर्ण वेळ अंथरुणात पडून राहायची गरज नसते. मी चौथ्या दिवशी बँकेत होते, संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर.

राहिलं, पण आठव्या आठवड्यात गेलं. माझं काय चुकलं?

काहीच नाही. पपई नाही, स्कूटी नाही, बादली नाही. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के अशी जातात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींत गर्भाच्या गुणसूत्रांचीच जुळणी चुकलेली असते. माझं गेलं तेव्हा मॅडमनी सोनोग्राफीचा पडदा बंद केला, खुर्ची ओढून बाजूला बसल्या आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "हे तुझ्यामुळे नाही." मग नवऱ्याकडे वळून तेच वाक्य परत म्हणाल्या. उपचाराचं त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत, पंधरा दिवसांनी या म्हणाल्या. दोनदा किंवा जास्त वेळा झालं असेल तर मात्र तपासण्या करून घ्या.

सासरच्यांना, नातेवाइकांना काय सांगायचं?

जितकं विचारतात त्याच्या अर्धं. "ट्रीटमेंट चालू आहे, सांगण्यासारखं झालं की पहिला फोन तुम्हालाच" हे माझं ठरलेलं वाक्य आहे. आययूआयची तारीख कुणालाही सांगत नाही, कारण पंधरा दिवसांनी तेवढेच फोन येतात. सासूबाईंना मॅडमकडे एकदा सोबत नेलं. चित्र त्यांनाही काढून दाखवलं. त्या दिवसापासून शेजारच्या काकूंना उत्तर त्याच देतात.

सणांचं अवघड असतं. बोरन्हाणाला, ओटीभरणाला बोलावतात तेव्हा पोटात गोळा येतो, नाही बोलावलं तर दुप्पट. आणि तान्हा पोळा! गल्लीतली पोरं सजवलेले लाकडी नंदी ओढत दारोदार येतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. तीन वर्षं मी त्या संध्याकाळी दार लावून माहेरी जायचे. चौथ्या वर्षी थांबले. दहा-दहाच्या नोटा काढून ठेवल्या. एक चिमणा म्हणाला, "काकू, तुमचा नंदी कुठं आहे वो?" मी आत जाऊन रडून आले आणि मग उरलेला बोजारा वाटला. तुम्हाला नाही जमलं तर माहेरी जा, कोणी परीक्षा घेत नाही.

त्याच दिवशी सकाळी इतवारीकडे मारबत या पुतळ्याची मिरवणूक निघते, लोक रोगराई, महागाई, पुढारी सगळं तिच्यासोबत पाठवून देतात. मी गर्दीत उभी राहून मनात ओरडले, "गोड बातमी कधी विचारणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत!" बरं वाटलं.

नवस, उपास, झाडपाला?

टेकडीच्या गणपतीला मीही जाते. मॅडमही जातात. नवसाला हरकत नाही, पण इंजेक्शनं सुरू असताना कडक उपास नको. चूर्ण, भस्म, पुडी काहीही घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. आतलं काय कशाशी भांडेल सांगता येत नाही. आणि "मुलगाच होईल" असं औषध देणाऱ्याच्या दारात पाय ठेवू नका. ती फसवणूक आहे, आणि लिंगनिवड गुन्हा आहे.

खर्च झेपत नाही.

सुरुवातीच्या रक्त-तपासण्या, सोनोग्राफी डागा, मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत कमी खर्चात होतात. रांगेचा वेळ धरून जा. आयव्हीएफला औषधांसकट दीड-दोन लाख तरी एका वेळेला लागतात आणि बहुतेक विमा पॉलिसी ते देत नाहीत. पॅकेजमध्ये इंजेक्शनं, भ्रूण गोठवणं, पुढचं रोपण धरलंय का हे लेखी घ्या. दागिने मोडायच्या आधी डॉक्टरांना "आमच्याकडे एवढेच आहेत" असं आकड्यात सांगा. मी लाजत लाजत सांगितलं, तेव्हा मॅडमनी दोन महागड्या तपासण्या खोडल्या. "याने निर्णय बदलणार नव्हता," म्हणाल्या.

कधी थांबायचं?

आम्ही दोघांनी आणि मॅडमनी मिळून एक रेघ आधीच ओढलीय: इतक्या वेळा, इतक्या पैशांत, माझ्या या वयापर्यंत. ती ओढताना वाटलं आशा सोडतोय. प्रत्यक्षात त्यानंतर पहिल्यांदा आम्ही पचमढीला फिरायला गेलो, आणि सगळा रस्ता दुसऱ्याच गोष्टी बोललो. मधे सहा महिने सुट्टी घेतली तरी चालते, फक्त वयाचा हिशेब डॉक्टरांशी बोलून घ्या.

दत्तक घ्यायचं मनात असेल तर कारा या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि वाट मोठी असते. म्हणून त्याची चौकशी उपचार संपायच्या आधीच केलेली बरी. मात्र "नाही झालं तर दत्तक घ्या की" असं दुसऱ्यानं सांगायचं नसतं.

ताई, तुमचं झालं का शेवटी?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, मी मुद्दाम शेवटी ठेवला. माझं "हो" ऐकून तुम्ही तुमचं "हो" गृहीत धराल, "नाही" ऐकून "नाही". माझ्या नळ्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या.

तरी सांगते. अजून नाही. चार आययूआय झाल्या, एका रोपणाला दिवस राहिले पण गेलं, दुसऱ्याला राहिलेच नाहीत. दोन भ्रूण गोठवलेले आहेत. मी ३६ ची आहे. परवा मॅडमनी फाइलवर लाल पेनानं लिहिलंय: दिवाळीनंतरच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी फोन करणे. खाली नवऱ्यासाठी वेगळी ओळ आहे, "खर्रा?" असं प्रश्नचिन्ह देऊन. त्यानं तिथेच पेन मागून घेतला आणि पुढे लिहिलं, "सात महिने बंद."